तीन वर्तमानपत्रे, एक उमेदवार आणि कोरियाची 2002 ची निवडणूक

मतदान सुरू व्हायला जेमतेम आठ तास उरले होते. 18 डिसेंबर 2002 च्या रात्री दहाच्या सुमारास दक्षिण कोरियाच्या सत्ताधारी पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार रोह मू-ह्युन यांना दिलेला पाठिंबा चुंग मोंग-जून यांनी काढून घेतला. चुंग हे ह्युंदाई उद्योगघराण्यातले आणि देशाच्या फुटबॉल संघटनेचे प्रमुख. त्याच वर्षी कोरियात झालेल्या विश्वचषकाने ते घराघरांत पोहोचले होते. तीनच आठवड्यांपूर्वी जनमत चाचणी घेऊन दोघांपैकी रोह यांनी लढायचे ठरले होते आणि चुंग त्यांच्या प्रचारात उतरले होते. आता ते फिरले. रोह रात्रीच त्यांच्या घरी गेले. दार उघडले गेले नाही.

सकाळी ‘चोसुन इल्बो’ या देशातल्या सर्वाधिक खपाच्या दैनिकाच्या अग्रलेखाचा मथळा होता, चुंग यांनी रोह यांना सोडले. घरोघरी अंक पोहोचत असतानाच मतदान केंद्रे उघडत होती. जुन्या हिशेबाने निवडणूक तिथेच संपायला हवी होती.

पण ती रात्र नुसती वर्तमानपत्रांची राहिली नव्हती. ‘ओहमायन्यूज’ हे अडीच-तीन वर्षांचे इंटरनेटवरचे वृत्तपत्र रात्रभर ताज्या बातम्या देत होते. वाचक त्या उचलून इतर ठिकाणी चिकटवत होते, मित्रांना फोन करत होते, घरच्यांना झोपेतून उठवून सांगत होते. संध्याकाळी मोजणी झाली तेव्हा रोह यांना 48.9 टक्के मते होती आणि विरोधी उमेदवार ली होई-चांग यांना 46.6 टक्के. फरक सुमारे 5 लाख 70 हजार मतांचा.

ही गोष्ट जगभर ‘इंटरनेटने निवडून आणलेला पहिला राष्ट्राध्यक्ष’ अशी सांगितली गेली. मला ती तशी पटत नाही. इंटरनेटने तरुणांना मोठ्या संख्येने केंद्रांवर आणले, असे मानायचे तर एकूण मतदान वाढायला हवे होते. ते 1997 मध्ये 80.7 टक्के होते आणि 2002 मध्ये 70.8 टक्क्यांवर आले. लोक मतदानाला जास्त आले नाहीत. मग बदलले काय? मोठ्या दैनिकाने सकाळी जे सांगितले, ते ऐकून घरी बसणे किंवा मत फिरवणे हे पूर्वीसारखे आपोआप घडले नाही. दैनिकाचा शब्द आणि वाचकाचा निर्णय यांच्यामधला दोर तुटला होता, आणि तो त्या रात्री तुटलेला नव्हता.

दोर तुटला तो आधीच

‘चोसुन’ आणि ‘डोंगआ’ ही दैनिके 1920 ची, म्हणजे जपानी राजवटीतली. ‘जूंगआंग’ 1965 चे, सॅमसंगच्या संस्थापकांनी काढलेले. कोरियातला बहुतांश खप या तिघांचा. लोक तिन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘चोजुंगदोंग’ असा एकच उल्लेख करू लागले होते, आणि तो कौतुकाने केलेला नसे.

याच्या मागे तीस वर्षांचा इतिहास आहे. ऑक्टोबर 1974 मध्ये ‘डोंगआ’च्या पत्रकारांनी पार्क चुंग-ही यांच्या हुकूमशाहीत वृत्तस्वातंत्र्याची जाहीर घोषणा केली. सरकारने जाहिरातदारांवर दबाव आणून जाहिराती बंद पाडल्या. पाने कोरी राहू लागली, तेव्हा सामान्य वाचकांनी पदरचे पैसे भरून दोन-दोन ओळींच्या जाहिराती दिल्या. शिक्षक, गृहिणी, विद्यार्थी, कामगार. वर्तमानपत्रावरचे असे प्रेम जगात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळाले असेल. मार्च 1975 मध्ये मालकांनी सरकारपुढे मान तुकवली आणि शंभराहून अधिक पत्रकारांना बाहेर काढले. ज्यांनी जाहिराती दिल्या होत्या, त्यांना हे विसरणे शक्य नव्हते.

मे 1980 मध्ये ग्वांगजू शहरात लष्कराने नागरिकांना मारले. शहराबाहेर ती बातमी जाऊ दिली गेली नाही, आणि जे छापून आले त्यात आंदोलक ‘दंगेखोर’ होते. आपल्या डोळ्यांदेखत माणसे पडत असताना दूरचित्रवाणीवर त्याचा शब्दही नाही हे पाहून ग्वांगजूच्या लोकांनी एमबीसीचे स्थानिक केंद्र पेटवून दिले. पुढे चुन डू-ह्वान यांच्या राजवटीत कोणती बातमी कुठे, किती मोठ्या मथळ्याने, छायाचित्रासह की त्याविना छापायची, याच्या सूचना सरकारकडून रोज संपादकांकडे जात. 1986 मध्ये ‘माल’ नावाच्या भूमिगत मासिकाने अशा पाचशेहून अधिक सूचना एकत्र छापल्या. वाचकांना तेव्हा कळले, की आपण वर्षानुवर्षे वाचत होतो ते कुणाच्या टेबलावर ठरत होते.

लोकशाही आली तेव्हा काढून टाकलेल्या पत्रकारांनी लोकवर्गणीतून स्वतःचे दैनिक उभे केले. मे 1988 मध्ये निघालेल्या ‘हानक्योरे’ला सुमारे 27 हजार भागधारक होते. पण खपाच्या बाबतीत तिघांची पकड सुटली नाही. मतदार बदलला, राजवट बदलली, अग्रलेख लिहिणारी घराणी तीच राहिली.

हे सगळे सांगायला एवढी जागा घेतली, कारण या प्रकरणाची मुळे इथेच आहेत. इंटरनेटने वर्तमानपत्रांवरचा विश्वास घालवला, हे वाक्य आपण सहज बोलून जातो. कोरियात तो इंटरनेट येण्याच्या आधी वीस वर्षे वर्तमानपत्रांनी स्वतःच गमावला होता. नव्या माध्यमाने आधीच मोकळी झालेली जागा घेतली.

ओ योन-हो आणि 727 वार्ताहर

त्याच ‘माल’ मासिकात ओ योन-हो वार्ताहर म्हणून काम करत. विद्यार्थी चळवळीत असताना त्यांनी तुरुंगवास भोगला होता. 1994 मध्ये त्यांनी नोगुन-री या गावाजवळची एक घटना लिहून काढली: जुलै 1950 मध्ये रेल्वेपुलाखाली आसरा घेतलेल्या निर्वासितांवर अमेरिकी सैनिकांनी गोळ्या झाडल्या होत्या. वाचलेल्या माणसांच्या साक्षी त्यात होत्या. मोठ्या दैनिकांनी दखल घेतली नाही. 1999 मध्ये असोसिएटेड प्रेसने तीच घटना प्रसिद्ध केली तेव्हा तीच दैनिके पहिल्या पानावर ती मांडू लागली, आणि पुढच्या वर्षी त्या वृत्तमालेला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ओ यांनी यातून काढलेला निष्कर्ष साधा होता. बातमी खरी आहे की नाही यापेक्षा ती कोण देतो यावर तिचे वजन ठरत असेल, तर देणाऱ्यांची यादीच बदलली पाहिजे.

22 फेब्रुवारी 2000 रोजी दुपारी 2 वाजून 22 मिनिटांनी ‘ओहमायन्यूज’ सुरू झाले. कार्यालयात चार माणसे आणि बाहेर 727 नागरिक-वार्ताहर. प्रत्येक नागरिक वार्ताहर आहे, हे त्यांचे ब्रीद. दोन-तीन वर्षांत नोंदलेल्या वार्ताहरांची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली. कोरियाने तोवर घरोघरी वेगवान इंटरनेट पोहोचवले होते. 2002 च्या अखेरीस जोडण्या एक कोटीवर होत्या, आणि देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आत. वाट आधीच बांधून तयार होती.

त्यांच्या कामाची पद्धत नीट पाहिली पाहिजे, कारण बाहेरच्या कौतुकात तीच हरवली. कुणीही काहीही लिहावे आणि ते प्रसिद्ध व्हावे, असे तिथे नव्हते. वार्ताहर व्हायचे तर खऱ्या नावाने, नागरिक ओळखक्रमांक देऊन नोंदणी करावी लागे. आलेला मजकूर संपादक वाचत, शंका असेल तर फोन करून विचारत, आणि आलेल्यांपैकी बराच भाग नाकारतही. निवडलेल्या बातमीला मानधन मिळे, पण तेही नाममात्र: मुख्य स्थानी लागलेल्या लेखाला जास्तीत जास्त 20 हजार वॉन, म्हणजे सोलमध्ये दोन-तीन साध्या जेवणांचे पैसे. खालच्या पानांना त्याहून कितीतरी कमी. मोठे राजकीय वार्तांकन मात्र पगारी पत्रकारच करत. नागरिक-वार्ताहर लिहीत ते आपल्या शाळेबद्दल, कारखान्याबद्दल, सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीतल्या मारहाणीबद्दल, सासरच्या सणांत बायकांना पडणाऱ्या कामाबद्दल. दैनिकांच्या पानांवर अशा विषयांना जागा नसे.

आपल्याकडचा तालुक्याचा वार्ताहर डोळ्यांसमोर आणा. त्यालाही हाती पडतात ते चार पैसे, वर जाहिराती आणण्याचे काम. पण त्याच्या नावाने काय छापायचे आणि काय गाळायचे, हे जिल्ह्याच्या कार्यालयात ठरते. ‘ओहमायन्यूज’च्या वार्ताहराला पैसा त्याच्यासारखाच थोडा मिळाला, पण जाहिरातीचे ओझे नव्हते आणि लेखाखाली वाचक थेट त्याच्याशी बोलत. पहिल्यांदाच लिहिणारी माणसे पुन्हा पुन्हा का लिहीत राहिली, हे यातून कळते.

हरणारा उमेदवार

रोह मू-ह्युन यांनी विद्यापीठाचे तोंड पाहिले नव्हते. व्यापारी शाळेतून बाहेर पडून स्वतः अभ्यास करून ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढे बुसानमध्ये छळ झालेल्या विद्यार्थ्यांचे खटले लढवू लागले. कोरियाचे राजकारण प्रांतांत चिरलेले होते: पूर्वेकडचा माणूस पश्चिमेच्या पक्षातून निवडून येत नसे. रोह पूर्वेचे, पक्ष पश्चिमेचा. सोलमधली सुरक्षित जागा सोडून एप्रिल 2000 मध्ये ते मुद्दाम बुसानमधून उभे राहिले आणि पडले. ‘वेडा रोह’ हे नाव त्यांना तिथून चिकटले, ते मायेचे होते.

त्या पराभवाच्या रात्री त्यांच्या संकेतस्थळावर लोक हळहळ व्यक्त करायला जमले आणि त्यातून ‘नोसामो’ ही त्यांच्या चाहत्यांची संघटना उभी राहिली. कोरियातल्या राजकारणात समर्थक म्हणजे गावचे, शाळेचे, घराण्याचे लोक. इथे जमलेल्यांना एकमेकांचे गाव माहीत नव्हते. 2002 च्या वसंतात पक्षाने उमेदवार निवडण्यासाठी पहिल्यांदाच खुली प्राथमिक फेरी घेतली आणि निम्मी मते सामान्य नागरिकांना दिली. नोसामोचे सदस्य गावोगावी लोकांची नावे नोंदवत फिरले. 16 मार्चला पश्चिमेकडच्या ग्वांगजूने या पूर्वेच्या माणसाला पहिल्या क्रमांकाची मते दिली. ग्वांगजूने! ज्या शहराची बातमी वर्तमानपत्रांनी 1980 मध्ये गिळली होती, त्या शहराने त्या वर्तमानपत्रांचा नावडता उमेदवार पुढे आणला.

रोह यांनी ‘चोसुन’ला मुलाखती देणे बंद केले होते. 2001 मध्ये सरकारने माध्यमसंस्थांची करतपासणी केली आणि ‘चोसुन’ व ‘डोंगआ’च्या मालकांना अटक झाली, तेव्हाही ते उघडपणे तपासणीच्या बाजूने बोलले. इतर राजकारणी मालकांच्या घरी जेवायला जात. आधी कुणी मोठ्या दैनिकांशी वैर घेऊन अध्यक्षपदाला उभे राहण्याचे धाडस केले नव्हते, कारण मतदारापर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग नव्हता. आता होता.

मेणबत्त्या

13 जून 2002. विश्वचषकाच्या धामधुमीत सोलच्या उत्तरेला अमेरिकी सैन्याच्या चिलखती वाहनाखाली शाळेतल्या दोन मुली चिरडल्या गेल्या. फुटबॉलच्या बातम्यांत ही बातमी बुडाली. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी लष्करी न्यायालयाने दोन्ही सैनिकांना निर्दोष ठरवले. एका तरुणाने इंटरनेटवर लिहिले, की मेणबत्त्या घेऊन ग्वांगह्वामुन चौकात जमू या. 30 नोव्हेंबरला हजारो लोक आले. कोरियातल्या मेणबत्ती आंदोलनांची परंपरा इथून धरली जाते.

या घटनेला एक अवघड बाजू आहे आणि ती लपवणे योग्य नाही. प्रस्ताव लिहिणारा तरुण ‘ओहमायन्यूज’चा नागरिक-वार्ताहरही होता. त्याने स्वतःच्याच प्रस्तावाची बातमी, जणू तो दुसऱ्या कुणी मांडला आहे अशा भाषेत दिली. महिन्याभराने हे उघड झाले आणि टीका झाली. मोठ्या दैनिकांना हवे ते आयते मिळाले. मुलींचा मृत्यू खरा होता, चौकातली माणसे खरी होती. पण ज्या वृत्तपत्राने बातमी देणारा कोण हे उघड ठेवण्याचे वचन दिले होते, तिथेच ते मोडले गेले. संपादकांच्या नजरेतून हे सुटले, याचे मला आजही वाईट वाटते.

सत्तेत आल्यावर

निवडून आल्यावर रोह यांनी पहिली देशी मुलाखत तिघांपैकी कुणालाही दिली नाही. फेब्रुवारी 2003 मध्ये, शपथविधीच्या काही दिवस आधी, ती ‘ओहमायन्यूज’ला दिली. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचे दरवाजे, जे पूर्वी ठरावीक दैनिकांच्या पत्रकारांनाच खुले असत, ऑनलाइन वृत्तपत्रांना उघडले. मार्च 2004 मध्ये संसदेने रोह यांच्यावर महाभियोग चालवला, चौकात पुन्हा मेणबत्त्या पेटल्या, एप्रिलच्या निवडणुकीत त्यांच्या बाजूच्या उरी पक्षाला 299 पैकी 152 जागा मिळाल्या आणि 14 मे रोजी घटनात्मक न्यायालयाने महाभियोग फेटाळला.

इथवर जिंकल्याची कहाणी. पुढे ती तशी राहत नाही. दैनिकांशी चाललेला झगडा सरकारचा कायमचा स्वभाव बनला. 2007 मध्ये सरकारने निरनिराळ्या खात्यांतले पत्रकार कक्ष बंद करून मोजकेच ठेवायचे ठरवले, तेव्हा डावे-उजवे सगळेच पत्रकार विरोधात गेले. ‘ओहमायन्यूज’ही विजयानंतर रोह यांच्या बाजूचे वृत्तपत्र म्हणून ओळखले जाऊ लागले. ज्यांना रोह आवडत त्यांचा त्यावर विश्वास, ज्यांना आवडत नसत त्यांचा ‘चोसुन’वर. विश्वास बातमी तपासण्याच्या पद्धतीवर बसायला हवा होता, तो आपल्या माणसांवर बसला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोठे नुकसान ते आहे.

जपानमध्ये 2006 साली सॉफ्टबँकेच्या पैशाने हेच वृत्तपत्र सुरू झाले आणि दोन-तीन वर्षांत गुंडाळावे लागले. तंत्र तेच होते, पण जपानी वाचकाचे आपल्या दैनिकांशी ग्वांगजूसारखे काही घडलेले नव्हते. कोरियातही जाहिरातींचे उत्पन्न आटले, आणि 2009 मध्ये ओ योन-हो यांना वाचकांकडे महिन्याला 10 हजार वॉनची वर्गणी मागावी लागली. तोवर वाचक दुसरीकडे गेला होता.

नेव्हरच्या प्रतिक्रिया

तो गेला नेव्हर या कोरियातल्या सर्वांत मोठ्या इंटरनेट पोर्टलवर. सगळ्या दैनिकांच्या बातम्या एकाच ठिकाणी, प्रत्येकीखाली हजारो प्रतिक्रिया, आणि ज्या प्रतिक्रियेला जास्त पसंती ती सर्वांत वर. बातमीच्या आधी लोक वरच्या चार प्रतिक्रिया वाचू लागले, कारण ‘लोकांना काय वाटते’ ते तिथे कळते असा समज झाला. संपादक कुणीच नव्हता. होता तो आकडा, आणि आकडा बाहेरून वाढवता येतो.

2012 च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी राष्ट्रीय गुप्तचर संस्थेची माणसे खोट्या नावांनी ऑनलाइन प्रतिक्रिया लिहीत होती. त्या प्रकरणात संस्थेच्या माजी प्रमुखांना झालेली चार वर्षांची शिक्षा 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. हे उजव्या सरकारच्या काळात. त्याच 2018 मध्ये दुसरे प्रकरण फुटले. ‘द्रुकिंग’ या टोपणनावाने लिहिणारा एक लोकप्रिय ब्लॉगर आणि त्याचे साथीदार खास तयार केलेल्या संगणकप्रणालीने नेव्हरच्या प्रतिक्रियांना लाखोंनी पसंती देत होते. आधीच्या निवडणुकीत ही प्रणाली डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूने चालली होती. दक्षिण ग्योंगसांग प्रांताचे गव्हर्नर किम क्योंग-सू यांना त्यातल्या सहभागासाठी दोन वर्षांची शिक्षा झाली आणि जुलै 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. किम म्हणजे रोह यांचे अखेरपर्यंतचे सहायक. निवृत्तीनंतर गावी परतलेल्या रोह यांच्यासोबत राहिलेले.

ही साखळी पाहून मला अस्वस्थ व्हायला होते. 2000 मध्ये ज्या राजकीय घराने अनोळखी नागरिकांच्या खऱ्या बोलण्यावर भरवसा टाकला, त्याच घरातल्या माणसाला वीस वर्षांनी बनावट बोलण्याबद्दल शिक्षा झाली.

वर्तमानपत्रांचे काय झाले? तेही सरळ नाही. पार्क ग्युन-हे यांचे सरकार ज्या बातमीने कोसळले, ती 24 ऑक्टोबर 2016 रोजी जेटीबीसी वाहिनीने दिली. टॅब्लेटमधल्या कागदपत्रांवरून राष्ट्राध्यक्षांची भाषणे एक खासगी स्नेही तपासत असल्याचे तिने दाखवले. जेटीबीसी ही ‘जूंगआंग’ समूहाची वाहिनी. चौकात लाखो मेणबत्त्या आल्या त्या एका प्रस्थापित वृत्तकक्षाने खणून काढलेल्या पुराव्यामागून. तरीही रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या 2020 च्या पाहणीत बातम्यांवर विश्वास असल्याचे सांगणारे कोरियात 21 टक्के होते, पाहणीतल्या 40 देशांत सर्वांत कमी.

महाराष्ट्रात या प्रकरणाकडे पाहताना 2009 ची विधानसभा निवडणूक आठवावी. पैसे घेऊन बातम्या छापण्याचा प्रकार त्या निवडणुकीत चव्हाट्यावर आला, प्रेस कौन्सिलने 2010 मध्ये त्यावर अहवाल केला. व्हॉट्सॲप तेव्हा आपल्या खिशात नव्हते. गावातल्या गटावरचा निनावी संदेश आज छापील बातमीच्या तोडीचा मानला जातो, तेव्हा नुसत्या संदेश पाठवणाऱ्याला दोष देऊन काम भागणार नाही. छापील बातमीचे वजन कोणी आणि कधी उतरवले, तेही विचारावे लागेल.

ऑनलाइन प्रतिक्रियांवर कोरियाने दोन उपाय करून पाहिले. 2007 पासून मोठ्या संकेतस्थळांवर प्रतिक्रिया देण्यासाठी खरी ओळख कायद्याने सक्तीची केली. ऑगस्ट 2012 मध्ये घटनात्मक न्यायालयाने एकमताने ती सक्ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याविरुद्ध ठरवून रद्द केली. ते बरोबरच होते, कारण सरकारच्या हाती नावे देऊन बोलायला ग्वांगजू पाहिलेला माणूस धजावणार नाही. मग मार्च 2020 मध्ये नेव्हरने प्रत्येक प्रतिक्रिया देणाऱ्याच्या आधीच्या सगळ्या प्रतिक्रिया उघड केल्या, म्हणजे हा माणूस रोज काय बोलतो ते कुणालाही पाहता यावे. टोपणनाव राहिले, पण मागचे बोलणे त्याच्यासोबत राहू लागले. ‘ओहमायन्यूज’चा संपादक सुरुवातीच्या काळात वार्ताहराला फोन करून विचारत असे: हे तुम्ही स्वतः पाहिले का? नेव्हरच्या नव्या रचनेतही हा प्रश्न विचारायला कुणी बसलेले नाही.